रेझिन बदलायचं की नाही, हे नुसता ओबीआर सांगत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं प्रोसेसिंग युनिट. ६०० लिटर रेझिनचा (हार्डनेस पकडणाऱ्या बारीक दाण्यांचा) सॉफ्टनर, बसवून सहा वर्षं झालेली. सुरुवातीला कच्च्या पाण्याचा हार्डनेस (पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार) ५५० पीपीएम, म्हणजे घनमीटरला ५५० ग्रॅम होता आणि एका रीजनरेशनवर, म्हणजे मिठाच्या पाण्याने रेझिन एकदा ताजं केल्यावर, ६० घनमीटर पाणी मिळायचं. यालाच ओबीआर म्हणतात. आता ३४ घनमीटरलाच आउटलेटला हार्डनेस दिसायला लागतो. पाणी बोअरचं, उन्हाळ्यात त्यात टँकरचंही मिसळतं, मे महिन्यात हार्डनेस ७८० निघाला. दर खेपेला ९० किलो मीठ जातं. पुरवठादार म्हणतो रेझिन संपलं, सगळं बदला. मालक म्हणतात आधी खात्री करा. खात्री कशी करायची, आणि जुन्यावरच थोडं नवीन रेझिन टाकून भागेल का?

मालकांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. रेझिन हा सॉफ्टनरमधला सगळ्यात महाग आणि सगळ्यात बिनतक्रार काम करणारा भाग, आणि काही बिघडलं की पहिला आरोप त्याच्यावरच येतो. ६० चे ३४ झाले म्हणजे रेझिनची ताकद ४३ टक्क्यांनी घटली, असा हिशेब पुरवठादाराने मांडला असणार. तो हिशेबच मुळात चुकीचा आहे. किती पाणी मिळालं यावर रेझिनची परीक्षा होत नाही. दर लिटर रेझिनने किती ग्रॅम हार्डनेस पकडला आणि त्यासाठी किती मीठ लागलं, यावर होते.

तुमचेच आकडे घेऊ. सुरुवातीला ६० घनमीटर गुणिले ५५० ग्रॅम, म्हणजे ३३ किलो हार्डनेस, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. भागिले ६०० लिटर, म्हणजे लिटरला ५५ ग्रॅम. आता ३४ गुणिले ७८०, म्हणजे साडेसव्वीस किलो. भागिले ६००, म्हणजे लिटरला ४४ ग्रॅम. घट ४३ टक्के नाही, २० टक्के आहे. बाकीची घट पाण्याची आहे, रेझिनची नाही. आणि या २० टक्क्यांतही रेझिनचा वाटा किती, हे अजून ठरायचंय.

आपल्याकडे हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण सोलापूरचं पाणी वर्षभर एकसारखं नसतं. उजनीवरून येणारं पाणी तुलनेने बरं. बोअरचं पाणी काळ्या कातळातलं, पावसाळ्यानंतर एक आणि एप्रिल-मेमध्ये पातळी खाली गेली की भलतंच. त्यात टँकर कुठल्या विहिरीवर भरला यावर दर दिवशी आकडा हलतो. म्हणून कच्च्या पाण्याचा एकच नमुना घेऊन चालत नाही. रन (दोन रीजनरेशनमधला पाणी देण्याचा काळ) चालू असताना दर तासाला इनलेटचं थोडं थोडं पाणी एका कॅनमध्ये जमवा आणि त्या एकत्र नमुन्याचा हार्डनेस काढा. ७८० हा आकडा कुठल्या एका सकाळचा असेल आणि दिवसभरात सरासरी ८५० असेल, तर वरचा ४४ हा ४८ होतो आणि निम्मा प्रश्न तिथेच संपतो.

टायट्रेशनची एक गोष्ट. ०.०१ मोलर ईडीटीए (हार्डनेस मोजायचं द्रावण) वापरत असाल तर १ मिली म्हणजे १ मिलिग्रॅम हार्डनेस. ५० मिली नमुन्याला रीडिंग गुणिले २०. पण इतक्या जड पाण्याला ५० मिली घेतलं तर ब्युरेट जवळजवळ रिकामा होतो आणि शेवटचा बिंदूही धूसर येतो. १० मिली घ्या, डिस्टिल्ड पाण्याने ५० करा, रीडिंग गुणिले १००. बफर ताजा हवा. पीएच १० च्या खूप खाली राहिला तर लालसर जांभळ्याचा स्वच्छ निळा होतच नाही आणि ऑपरेटर अंदाजाने थांबतो. आउटलेटच्या नमुन्याला मात्र पूर्ण १०० मिली घ्या, कारण तिथे २ आणि ५ पीपीएममधला फरक आपल्याला पाहायचाय.

वॉटर मीटरही एकदा तपासून घ्या. मोजमाप माहीत असलेली टाकी भरा आणि मीटरशी ताडा. जुना मीटर कमी दाखवत असेल तर रेझिनवर फुकट खटला चालतोय.

आता मीठ. स्ट्राँग अॅसिड कॅटायन रेझिनची, म्हणजे इंडिऑन २२५, टल्सिऑन टी-४२, अॅम्बरलाइट आयआर-१२० किंवा प्युरोलाइट सी-१०० या जातीच्या साध्या जेल रेझिनची एकूण क्षमता लिटरला सुमारे २ इक्विव्हॅलंट असते, म्हणजे १०० ग्रॅम हार्डनेस. पण ती सगळी कधीच वापरात येत नाही. किती वापरात येईल हे मीठ ठरवतं. वरून खाली रीजनरेशन होणाऱ्या सॉफ्टनरमध्ये लिटर रेझिनला ८० ग्रॅम मीठ दिलं तर साधारण ४० ग्रॅम क्षमता मिळते. १२० ग्रॅमला ४८ ते ५०, १६० ला ५५ ते ५८, आणि २४० ला ६५ ते ७० च्या घरात. मीठ तिप्पट केलं तरी क्षमता दुप्पटही होत नाही.

तुमचे ९० किलो भागिले ६०० म्हणजे लिटरला १५० ग्रॅम. त्यावर ५५ मिळायला हवेत आणि सुरुवातीला तेवढेच मिळत होते, म्हणजे प्लांट तेव्हा नीट बसवला होता. पण आज ते ९० किलो खरंच ९० किलो आहेत का? बहुतेक ठिकाणी मोजमाप असतं 'दोन पोती, वरून एक-दोन घमेली कमी'. पावसाळ्यात ओल धरलेलं मीठ, पोत्याच्या तळाशी माती, ब्राइन (मिठाचं द्रावण) टाकीच्या तळाशी न विरघळलेला गाळ. प्रत्यक्षात रेझिनपर्यंत ७५ किलोच पोचत असेल तर तो झाला लिटरला १२५ ग्रॅम आणि अपेक्षित क्षमता ५० च्या आसपास. मग तुमच्या ४४ ची तुलना ५५ शी नाही, ५० शी करायची. आता रेझिनच्या खात्यावर १०-१२ टक्केच उरतात. सहा वर्षांच्या रेझिनला हे अगदी चालण्यासारखं आहे.

कच्च्या मिठाची प्रतही बघा. मिठात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असेल तर ज्याने हार्डनेस धुवायचा त्यातूनच तो रेझिनच्या थराच्या, म्हणजे बेडच्या तळाशी परत बसतो आणि पुढच्या रनच्या पहिल्या मिनिटापासून थोडा थोडा गळत राहतो. नवीन लॉट आला की १० टक्के द्रावण करून त्याचा हार्डनेस काढायची सवय लावा आणि लॉटनुसार वहीत नोंदवा. दोन-तीन लॉटनंतर कुठल्या व्यापाऱ्याचं मीठ घ्यायचं हे आपोआप कळतं.

इथपर्यंतचं सगळं वही-पेनाने होतं. यानंतरची एक चाचणी मात्र मी प्रत्येक ठिकाणी स्वतः उभं राहून करतो, कारण रेझिन, व्हॉल्व्ह, इजेक्टर (ब्राइन ओढून पाण्यात मिसळणारा) आणि डिस्ट्रिब्यूटर (पाणी बेडवर सगळीकडे पसरवणारा) या चौघांची हकिकत तीत एकदम बाहेर येते. रीजनरेशन चालू असताना बाहेर पडणाऱ्या पाण्याचे दर पाच मिनिटांनी नमुने घ्यायचे. ब्राइन सुरू केल्यापासून स्लो रिन्स (ब्राइननंतरची सावकाश धुलाई) संपेपर्यंत. प्रत्येक नमुन्याची दोन मोजमापं: मिठाची ताकद आणि हार्डनेस. ताकदीसाठी वेगळं काही विकत आणायला नको, तुमच्या डाइंगमध्ये बोमे हायड्रोमीटर असणारच. १० टक्के ब्राइन म्हणजे साडेनऊ-दहा बोमे, ६ टक्के म्हणजे साडेपाच-सहा, आणि टाकीतलं पूर्ण संपृक्त ब्राइन सुमारे २४. हार्डनेससाठी १ मिली नमुना पाण्याने ५० मिली करून रीडिंग गुणिले १०००, कारण मधल्या नमुन्यांचा आकडा वीस-तीस हजार पीपीएमच्याही वर जातो.

आधी काय व्हायला हवं ते सांगतो. ९० किलो मिठाचं १० टक्के ब्राइन म्हणजे सुमारे ८४० लिटर. तासाला अडीच बेड व्हॉल्यूमने, म्हणजे १५०० लिटरने सोडलं तर ३४ मिनिटं लागतात. मीठ आणि रेझिन यांची गाठ किमान अर्धा तास तरी पडायला हवी, त्या हिशेबात हे बसतं. दाण्यांमधली पोकळी बेडच्या साधारण ४० टक्के, म्हणजे २४० लिटर. त्याच्या वर व्हेसलमधलं (रेझिनच्या टाकीतलं) मोकळं पाणी. त्यामुळे पहिली दहा-बारा मिनिटं तरी खाली साधंच पाणी येणार. मग हार्डनेस झपाट्याने चढतो, शिखर गाठतो, त्याच्या मागोमाग मीठ चढतं, हार्डनेस उतरतो, आणि शेवटी मीठही उतरतं.

आता तुमच्याकडे काय दिसतं ते पाहा. तीन-चार मिनिटांतच खाली खारट पाणी आलं, तर ब्राइन बेडमधून जात नाहीये, एखाद्या वाटेने सरळ खाली उतरतंय. बेडला चॅनल पडलंय किंवा वरचा डिस्ट्रिब्यूटर तुटलाय. मिठाची ताकद चार-पाच बोमेच्या वर चढलीच नाही, तर इजेक्टर पाणी जास्त ओढतोय किंवा ब्राइनची लाइन चोंदलीय. मीठ पूर्ण गेलं पण पातळ गेलं, की उपयोग अर्धाच. ब्राइन पंधरा मिनिटांतच संपलं, तर वेग फार आहे. आणि मीठ शेवटी दहा बोमेला छान टिकून आहे, हार्डनेस शून्याजवळ उतरलाय, तरीही रन ३४ ला संपतो, तर मात्र रेझिनकडे संशयाने बघायचं.

या नमुन्यांतून एक ताळेबंदही निघतो. प्रत्येक पाच मिनिटांत गेलेलं पाणी गुणिले त्या वेळचा हार्डनेस, सगळ्याची बेरीज. आधीच्या रनमध्ये साडेसव्वीस किलो पकडला असेल तर तेवढाच, थोडाफार इकडेतिकडे, बाहेर पडायला हवा. खूपच कमी निघाला तर हार्डनेस आतच राहतोय, म्हणजे बेडचा काही भाग रीजनरेट होतच नाही. तिथे रेझिन बदललं तरी नव्या रेझिनचा तोच भाग तसाच राहणार. नवीन रेझिन टाकूनही दोन महिन्यांत तक्रार परत येते, त्यातली बरीच प्रकरणं याच जातीची असतात.

आउटलेटच्या हार्डनेसचा आलेखही याच खेपेला काढा. सर्व्हिस सुरू झाल्यापासून दर घनमीटर-दोन घनमीटरला नमुना. सुरुवातीपासूनच ८-१० पीपीएम आहे आणि शेवटपर्यंत तसाच सपाट राहतो, तर गळती रेझिनमधून नाही. मल्टिपोर्ट व्हॉल्व्हची गॅस्केट गेलीय किंवा बायपास पूर्ण बंद होत नाही, कच्चं पाणी सरळ आउटलेटला मिसळतंय. सुरुवातीला स्वच्छ आणि मग वेळेआधीच एकदम उभा चढतो, तर क्षमता कमी पडतेय, मिठामुळे किंवा रेझिनमुळे. आणि सुरुवातीपासून तिरका, हळूहळू चढत जाणारा असेल, तर चॅनलिंग किंवा दाण्यांवर बसलेला थर. आणखी एक भर: उन्हाळ्यात बोअरचा टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) दोन हजाराच्या पुढे गेला की वरून खाली रीजनरेशनच्या सॉफ्टनरला एक-दोन पीपीएमवर राहणं जमत नाही, रेझिन नवं असलं तरी. पाण्यातला सोडियम स्वतःच कॅल्शियमला बेडमधून ढकलतो. अशा वेळी रन ५ पीपीएमला थांबवत असाल तर तो लवकरच थांबणार. डाइंगला किती चालतं हे तुमच्या डायरला विचारून हद्द ठरवा. ब्लीचिंगला आणि डार्क शेडला वेगळी हद्द असू शकते.

आता व्हेसल उघडायची. उघडण्याआधी पूर्ण बॅकवॉश द्या, पाणी बेडच्या पातळीपर्यंत उतरवा आणि बेडची उंची मोजा. ही उंची नेहमी एकाच अवस्थेत मोजायची, रीजनरेशननंतर किंवा रन संपल्यावर, कारण सोडियम रूपातून कॅल्शियम रूपात गेल्यावर रेझिन थोडं आकसतं. उंची कमी झाली असेल तर रेझिन वाहून गेलंय, संपलेलं नाही. बॅकवॉशच्या ड्रेनला बारीक जाळी लावून पाहा. सर्व्हिस लाइनच्या गाळणीत दाणे सापडले तर खालचा लॅटरल (तळाशी पाणी गोळा करणारी नळी) किंवा स्ट्रेनर फुटलाय, आणि ते आधी दुरुस्त करा.

बॅकवॉशला आपल्या हवेचा हिशेब लावावा लागतो. बेड ५० टक्के उचलला गेला पाहिजे, तरच मधला गाळ आणि फुटके दाणे निघतात. पण पाणी गरम झालं की पातळ होतं. २० अंशाच्या पाण्याच्या तुलनेत ३५ अंशाच्या पाण्याची चिकटण पंचवीस ते तीस टक्क्यांच्या दरम्यान कमी, म्हणजे पाऊण पटीच्याही खाली येते. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तेवढं तापतंच. हिवाळ्यात सेट केलेल्या व्हॉल्व्हवर उन्हाळ्यात बेड पुरेसा उचललाच जात नाही, गाळ साठतो, चॅनल पडतं आणि ओबीआर घसरतो. नेमका त्याच महिन्यात हार्डनेसही चढलेला असतो. साइट ग्लास असेल तर त्यातून बघून प्रवाह वाढवा. नसेल तर ड्रेनला दाणे यायला लागेपर्यंत हळूहळू वाढवा आणि तिथून थोडं मागे या.

नमुना घेण्याची पद्धत चुकली तर लॅबचा रिपोर्ट कितीही चांगला असला तरी निरुपयोगी. हाताने वरून मूठभर रेझिन काढून पाठवू नका. वर नेहमी सगळ्यात बारीक, फुटकं आणि गाळाने माखलेलं रेझिन असतं. एक-दीड इंची पीव्हीसी पाइप बेडमध्ये वरपासून तळापर्यंत सरळ खुपसा, वरचं तोंड हाताने किंवा बुचाने बंद करून बाहेर काढा. अशा तीन-चार जागा घ्या, सगळं एकत्र करा, त्यातलं लिटरभर पाण्यासकट बरणीत भरा. कोरडं पाठवू नका.

पाठवण्याआधी स्वतः पाहा. पांढऱ्या बशीत पसरा आणि भिंग लावा. चांगलं रेझिन मधासारख्या रंगाचं, गोल, चमकदार. नव्या मालात ९५ टक्क्यांपेक्षा जास्त दाणे अखंड असतात. तुकडे आणि तडे खूप असतील तर दाब किंवा ताप यांचा मार बसलाय. रंग चॉकलेटी-काळपट आणि बोटाला तांबूस डाग, तर लोह. दाणा दोन बोटांत चिरडून पाहा. टणक असायला हवा. साबुदाण्यासारखा मऊ लागला तर क्लोरिनने त्याचा सांगाडा सैल केलाय, आणि त्याला औषध नाही.

लॅबकडून तीन-चार गोष्टी मागा: एकूण क्षमता, ओलावा, अखंड दाण्यांचं प्रमाण आणि लोह. चाचण्या एएसटीएम डी २१८७ पद्धतीने करायला सांगा, म्हणजे दोन लॅबचे आकडे एकमेकांशी ताडता येतात. साध्या ८ टक्के डीव्हीबीच्या (दाण्याचा सांगाडा बांधून ठेवणारा घटक) रेझिनचा ओलावा नवीन असताना ४४ ते ४८ टक्क्यांच्या आसपास असतो. तो ५५ च्या पुढे गेला तर क्लोरिनचा मारा सुरू आहे, ६० च्या पुढे गेला तर बदलायची तयारी ठेवा. लक्षात घ्या, अशा रेझिनमध्ये बेडची उंची कमी होत नाही, उलट फुगून वाढते, त्यामुळे वरून सगळं आलबेल दिसतं आणि प्रेशर ड्रॉप मात्र चढत जातो. टँकरच्या पाण्यात कुणी ब्लीचिंग पावडर ढकलत असेल किंवा महापालिकेचं पाणी वापरत असाल, तर क्लोरिन सॉफ्टनरच्या आधी काढा. एकूण क्षमता २ ऐवजी १.८ आली तर मी त्या रेझिनला हातही लावत नाही. १.६ ला खर्च-मिठाचा हिशेब मांडतो. १.४-१.५ च्या खाली आली आणि ओलावाही चढलेला असेल, तर बदला. हे माझे अंदाज आहेत, कायदा नाही. मीठ तुमच्याकडे महाग पडत असेल तर हद्द वर सरकेल.

मीठ महाग म्हणजे फक्त पोत्याचा भाव नाही. साडेसव्वीस किलो हार्डनेस काढायला रसायनशास्त्राच्या हिशेबाने सुमारे ३१ किलो मीठ पुरेसं. बाकीचे पंचेचाळीस ते साठ किलो दर खेपेला जसेच्या तसे ड्रेनमधून ईटीपीत (सांडपाणी प्रक्रिया केंद्रात) जातात, आणि तिथे टीडीएस कमी करणारं काहीच नसतं. पुढे आरओ असेल तर ते मीठ तिथे पुन्हा पैसे मागतं. म्हणून क्षमता परत आणण्यासाठी 'अजून एक पोतं टाका' हा सल्ला मला कधीच पटत नाही.

तुमच्या बाबतीत माझा अंदाज लोहाचा आहे. बोअरमधून वर येताना लोह विरघळलेलं असतं, पाणी स्वच्छ दिसतं, आणि रेझिनमध्ये शिरल्यावर हवेने त्याचा गंज होतो. तो नुसत्या मिठाने निघत नाही. पण हे दुखणं बरं होणारं आहे, आणि त्याचं औषध डाइंगच्या गोदामात आधीच आहे: हायड्रोस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. आधी बरणीत करून पाहा. नेहमीसारखं रीजनरेट झालेल्या बेडमधलं लिटरभर रेझिन घ्या, त्यात ४ टक्के हायड्रोसचं ताजं द्रावण, झाकण सैल ठेवून तीन-चार तास. मधूनमधून हलवा. काळपट दाणे मधाळ झाले आणि वरचं पाणी रंगलं, तर निदान पक्कं. धुऊन पुन्हा मिठाने रीजनरेट करा आणि आधी-नंतरची क्षमता लॅबकडून काढून घ्या. वीस टक्क्यांचा फरक दिसला तर तेच व्हेसलमध्ये करा.

व्हेसलमध्ये करताना काळजी घ्या. हायड्रोसच्या डब्यात पाण्याचा थेंब गेला तर ते तापतं आणि पेट घेऊ शकतं, म्हणून कोरड्या भांड्याने काढा आणि पावडर पाण्यात टाका, पाणी पावडरवर नाही. जवळ अॅसिड किंवा ब्लीच नको. सल्फर डायऑक्साइड सुटतो, व्हेसलमध्ये तोंड घालून वाकू नका, वरचं झाकण उघडं आणि हवा खेळती ठेवा. गंज खूपच जुना असेल तर ५ ते १० टक्के हायड्रोक्लोरिक अॅसिड लागतं. पण तुमची व्हेसल साध्या लोखंडाची असेल आणि आतून रबर लायनिंग नसेल, तर रेझिन बाहेर प्लॅस्टिकच्या टाकीत काढूनच अॅसिड द्या. व्हेसलला खाऊन अॅसिड लोहच परत रेझिनवर आणून बसवेल. साफ केल्यानंतर कच्च्या पाण्यातलं लोह मोजा, आणि सॉफ्टनरच्या आधी हवा देऊन गाळायची सोय करा. नाहीतर सहा महिन्यांनी पुन्हा इथेच.

साखर कारखान्यातल्या मित्रांनी हेच वाचलं तर त्यांच्यासाठी दोन ओळी, कारण त्यांचे डीएम प्लांट (पाण्यातले सगळे क्षार काढणारे) असतात आणि तिथे नखरे अॅनायन रेझिनचे. हायड्रॉक्साइड रूपातलं टाइप-२ अॅनायन ३५-४० अंशांच्या पुढे स्वतःच आपली ताकद गमावतं. टाइप-१ साठ अंशांपर्यंत टिकतं. आपल्या उन्हाळ्यात हा फरक कागदावरचा राहत नाही. त्याची एकूण क्षमता बघून फसू नका, स्ट्राँग बेसचा भाग वेगळा मोजून मागा. तो गेला की सिलिका गळायला लागते आणि बाकी सगळं ठीक दिसतं. आणि गाळप संपल्यावर रेझिन तसंच सोडून देऊ नका. मीठ देऊन, १० टक्के ब्राइनमध्ये बुडवून ठेवा, दोन-तीन आठवड्यांनी पातळी बघा. चुकून सुकलंच तर त्यावर साधं पाणी सोडू नका, दाणे फुटतात. आधी संपृक्त ब्राइन, मग टप्प्याटप्प्याने पातळ.

शेवटचा प्रश्न, जुन्यावर नवीन टाकायचं का. बेडची उंची कमी झाली असेल आणि उरलेलं रेझिन स्वच्छ, टणक असेल, तर कमी पडलेलं तेवढंच त्याच जातीचं रेझिन भरा, आणि गळती आधी शोधा. जुनं लोहाने माखलेलं असेल तर आधी ते साफ करा, मग भरा. नाहीतर चांगलं आणि खराब एकत्र मिसळून जाईल, दोघांच्या मधला ओबीआर मिळेल आणि कोण काम करतंय हे पुढे कुठल्याही चाचणीत वेगळं काढता येणार नाही. जुनं मऊ झालं असेल तर त्यावर नवीन टाकणं म्हणजे पैसे वाया. सगळं काढा, लॅटरल तपासा, मगच भरा. पूर्ण बदलायची वेळ आलीच तर नव्या ड्रममधूनही पाइपने नमुना घ्या आणि त्याच लॅबला पाठवा. पैसे त्या रिपोर्टनंतरच द्यायचे, हे खरेदीच्या ऑर्डरमध्येच लिहून घ्या. आणि पहिल्या पंधरा दिवसांतला दर रनचा ग्रॅम-प्रति-लिटर आकडा मोठ्या अक्षरात वहीच्या पहिल्या पानावर. पुढच्या वेळी तुलना त्याच्याशी.

तोपर्यंत या खेपेच्या रीजनरेशनचे पाच-पाच मिनिटांचे बोमे आणि हार्डनेसचे आकडे, बेडची उंची आणि पाण्यातलं लोह एवढं लिहून पाठवा. खालचे लॅटरल कसे आहेत तेही कळवा. त्यावर नक्की सांगता येईल.